डिप करूनही झोआ मिटलेलेच

प्रश्न : ताई, माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या हिरव्या-केशरी झोआचे (दगडावर वाढणारे, कोरलच्या नात्यातले मऊ समुद्री जीव) अर्धे पॉलिप, म्हणजे फुलासारखी तोंडं, महिनाभर उघडलेले नाहीत. पोव्हिडोन आयोडिनच्या पाण्यात एकदा डिप केलं, म्हणजे थोडा वेळ बुडवून काढलं, तेव्हा केसाळ अळ्यांसारखं काहीतरी खाली पडलं. आठवडा बरा गेला आणि पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो, कुत्र्याच्या जंताचं औषध टँकमध्ये टाका. भाऊ म्हणतो, सरळ दगड उकळून काढ. काय करू?
– अ. जो., कोथरूड

उत्तर : आधी भावाला थांबवा. झोआ आणि त्याचा जाडजूड भाऊबंद पॅलिथोआ यांच्यापैकी काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. १९७१ मध्ये ते हवाईच्या पॅलिथोआमधून पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. उकळल्याने ते मरत नाही, उलट वाफेबरोबर घरभर पसरतं. असा दगड उकळल्यामुळे किंवा गरम पाण्याने घासल्यामुळे अख्खी कुटुंबं ताप, छातीत घुसमट आणि श्वासाचा त्रास होऊन इस्पितळात गेली आहेत. तुमच्या झोआत विष किती, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून उकळणं नाही, कोरडं घासणं नाही, जोराच्या धारेखाली धुणं नाही. मी झोआला हात लावताना हातमोजे आणि चष्मा घालतेच, हाताला साधा ओरखडा असला तर ते काम पुढे ढकलते आणि मुलांना त्या खोलीत येऊ देत नाही. कृपा करून तुम्हीही हे पाळा.

आता त्या अळ्या. वर्णनावरून ते न्यूडिब्रँक वाटतात, म्हणजे कवच नसलेल्या समुद्री गोगलगाई. या जातीच्या गोगलगाई झोआच खातात आणि खाल्लेल्या पॉलिपचा रंग त्यांच्या अंगात उतरतो. पाठीवरचे केसही पॉलिपच्या शुंडकांसारखेच दिसतात. दिवसा त्या मिटलेल्या पॉलिपच्या बेचक्यात बसतात, म्हणून काचेला नाक लावूनही दिसत नाहीत. दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बघा.

तुमचं डिप फुकट गेलं नव्हतं, ते अर्धवट राहिलं. डिपने मोठी गोगलगाय सुटते, अंडी वाचतात. पॉलिपच्या देठाला किंवा दगडाच्या खालच्या बाजूला पांढुरकी, गोल वळलेली लड चिकटलेली असेल, तीच अंडी. ती पाण्याखालीच चिमट्याने, अलगद काढावी लागतात. नजरेतून सुटलेली अंडी फुटली की नवी पिल्लं पुन्हा अंडी घालण्याआधी गाठायची, एवढाच या उपचाराचा गाभा आहे. पाणी जितकं कोमट तितकी अंडी लवकर फुटतात. म्हणून दर आठवड्याला डिप आणि भिंगाखाली तपासणी, असं निदान पाच आठवडे करा. मध्ये दोन आठवडे काही सापडलं नाही तरी थांबू नका.

डिपसाठी टँकचंच पाणी वेगळ्या भांड्यात घ्या आणि फिक्या चहाचा रंग येईल इतकंच आयोडिन घाला. साबण मिसळलेलं स्क्रब चुकूनही नको. त्यानंतर स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळून झोआ वेगळ्या टँकमध्ये ठेवा. तिथे हीटर, थोडा प्रवाह आणि साधा दिवा पुरतो. सगळे झोआ बाहेर आले की मुख्य टँकमधल्या उरलेल्या गोगलगाई उपाशी मरतात. वापरलेलं पाणी टँकमध्ये परत ओतू नका. हत्यारं ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास बुडवा.

जंताचं औषध मुख्य टँकमध्ये नको म्हणजे नको. वाळूतले किडे आणि काच साफ ठेवणाऱ्या गोगलगाई त्याने मरतात, त्यांचं सडून अमोनिया होतं आणि औषध दगडात मुरून महिनोन् महिने सुटत राहतं. सिक्सलाइन रॅस मासा काही किडे टिपतो, पण उपचार म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

प्रश्न : गुरुवारी दिवसभर वीज नव्हती. दोन दिवसांनी सिन्युलेरिया या मऊ कोरलच्या एका फांदीवर तपकिरी, बुळबुळीत, घाण वासाचा थर आला. औषध कोणतं? आणि एक जण हॅमर कोरल स्वस्तात देतोय, घेऊ का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : औषधाआधी पात्याची गरज आहे. पंप बंद करा, नाहीतर तो थर तुटून दुसऱ्या कोरलवर जाऊन बसेल. बारीक नळीने थर शोषून बाहेर टाका. मग फांदी बाहेर काढून सडलेल्या भागापासून दोन सेंटिमीटर आत, निरोगी मांसात धारदार पात्याने एका फटक्यात कापा. उरलेल्या भागाला आयोडिन डिप द्या आणि चांगल्या प्रवाहात ठेवा. सिन्युलेरिया कापल्या जागी भरून येतं. कापल्यावर मऊ कोरल पाण्यात विषारी द्रव्यं सोडतात, म्हणून फिल्टरमध्ये ताजा कार्बन घाला. त्या थरात बॅक्टेरिया आणि भराभर पळणारे एकपेशीय जीव सापडतात, पण त्यांना वाव मिळतो तो बहुतेकदा आधीच घुसमटलेल्या किंवा जखमी कोरलवर. पंप थांबला की पाण्यातला ऑक्सिजन घटतो. वीज अशी दिवसभर जात असेल तर बॅटरीवरचा हवा पंप घरात हवाच.

हॅमर कोरल घेऊ नका, ते कठीण कोरल आहे. सगळे कठीण, प्रवाळखडक घडवणारे कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. स्वस्तात, कागदाशिवाय हातोहात मिळणारा तुकडा बहुधा कुठल्यातरी प्रवाळखडकावरून फोडलेला असतो. झोआ, मशरूम कोरल, लेदर कोरल, सिन्युलेरिया एवढ्यावर सुंदर टँक उभा राहतो. मात्र हे घेतानाही कुठून आलं ते विचारा आणि पावती मागा.