लढाऊ मॉडेल युद्धनौका नाशिकमध्ये बांधायची असेल तर सुरुवात कोठून करावी?

रेडिओ कंट्रोलवर चालणारी आणि समोरच्या मॉडेलवर खरोखरचे छर्रे झाडणारी युद्धनौका घरी बांधायची आहे, मनात ‘आयएनएस दिल्ली’ आहे, आणि तिच्या तोफा कशा बनवाव्यात हे आधी सांगा, असा आपला प्रश्न आहे. माझे मत विचाराल तर तोफेचा विचार सर्वांत शेवटी करावा. या खेळातले जहाज भोके पडण्यासाठीच बांधलेले असते, त्यामुळे आत शिरलेले पाणी कोठे साचेल आणि तेथून बाहेर कसे जाईल, याचे उत्तर आराखडा कागदावर असतानाच मिळायला हवे.

हा छंद १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील टेक्सासमध्ये रुजला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील युद्धनौकांच्या आराखड्यांवरून १:१४४ या प्रमाणात मॉडेल बांधले जाते. बाजूंच्या फासळ्यांमधल्या मोकळ्या खिडक्यांवर साधारण ०.८ मिलिमीटर जाडीचा बाल्सा, म्हणजे अतिशय हलके व मऊ लाकूड, चिकटवतात, आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालणाऱ्या छोट्या तोफांतून बेअरिंगच्या पोलादी गोळ्या त्यावर मारल्या जातात. लढाई संपल्यावर भोके मोजतात. अमेरिकेतील रूढ पद्धतीत जलरेषेच्या, म्हणजे जहाज पाण्यात जेथवर बुडते त्या रेषेच्या, वरच्या भोकाला १०, जलरेषेवरच्या भोकाला २५ आणि खालच्या भोकाला ५० गुण मिळतात, म्हणजे जहाजात पाणी घुसवणाऱ्या माऱ्याचेच मोल अधिक असते.

आता आपल्या ‘दिल्ली’विषयी. आपल्या मनातली जुनी ‘दिल्ली’ ही क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, मूळची ‘अकिलीस’. डिसेंबर १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेजवळच्या रिव्हर प्लेटच्या लढाईत ती ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेशी लढली, १९४८ मध्ये भारताकडे आली, १९६१ च्या गोवा मुक्ती मोहिमेत दीवसमोर उभी राहिली आणि १९७८ मध्ये निवृत्त झाली. एवढा इतिहास असलेले जहाज कोणालाही मोहात पाडेल, तरीही पहिल्या बांधणीसाठी मी ते सुचवणार नाही. ती सुमारे १६९ मीटर लांब आणि १७ मीटर रुंद होती, म्हणून तिचे मॉडेल जवळपास ११७ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम १२ सेंटिमीटर रुंद होते. वजन तर प्रमाणाच्या घनाने घटते. १४४ चा घन जवळजवळ तीस लाख भरतो, त्यामुळे सुमारे ७,२०० टनांची क्रूझर अडीच किलोवर येते आणि पूर्ण भार धरला तरी सव्वातीन किलोच्या आसपास राहते. एवढ्यात सांगाडा, मोटर, बॅटरी, पंप, गॅसची टाकी आणि तोफा बसवणे हे मुरलेल्या माणसाचे काम आहे.

त्याऐवजी १९०६ ची ‘ड्रेडनॉट’ ही ब्रिटिश युद्धनौका घ्यावी. तिची लांबी १६१ मीटरांच्या आत-बाहेर आणि रुंदी २५ मीटर आहे, म्हणजे मॉडेल ११२ सेंटिमीटर लांब आणि १७ सेंटिमीटरांहून थोडे अधिक रुंद होते, आणि वजन सहा किलोंपर्यंत ठेवता येते. लांबी जवळपास तीच, पण भार दुपटीच्या घरात. शिवाय ढोबळ हिशोबाने एक लिटर पाणी आत शिरले तर ‘दिल्ली’ एक सेंटिमीटर खाली बसते, तर ‘ड्रेडनॉट’ सात मिलिमीटर. जलरेषेपासून डेकपर्यंतची उंचीच काही सेंटिमीटर असते, तेव्हा हा फरक लहान समजू नये.

मात्र पाण्याच्या वजनापेक्षा त्याची हालचाल अधिक घातक असते. सपाट तळावर पसरलेले पाणी जहाज जरासे कलताच सगळे त्याच बाजूला धावते, त्याने कल आणखी वाढतो, आणि पंप सुरू असतानाही जहाज बघता बघता पालथे होते. म्हणून तळाच्या मध्यातून, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचा एकच पन्हळ ठेवावा आणि त्याच्या दोन्ही अंगांची जागा फोमने भरून वरून उतार द्यावा, म्हणजे पाणी कोठूनही शिरले तरी पन्हळातच येईल. पन्हळाच्या सर्वांत खोल जागी पंप बसवावा. जहाज बॅटरीसकट पूर्ण भरून तरंगवल्यावरच ती जागा नक्की कळते, म्हणून पंपाचे स्क्रू आधी घट्ट करू नयेत. पंपाच्या तोंडाशी जाळी हवीच, कारण फुटलेल्या बाल्साच्या बारीक ढलप्या वाहत येऊन नेमक्या तेथेच अडकतात. फोम म्हणून थर्माकोल वापरणार असाल तर त्यावर पॉलिस्टर रेझिन ओतू नका. त्यातील स्टायरीनने थर्माकोल विरघळतो. इपॉक्सी वापरावे. बॅटरी पन्हळाच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितकी खाली ठेवावी.

सामानाची नाशिकमध्ये अडचण नाही. फायबरची मॅट, रेझिन, बेअरिंगच्या गोळ्या, पंपाचा पंखा वळवून देणारा लेथवाला हे सगळे अंबड-सातपूर औद्योगिक पट्ट्यात मिळते, आणि फासळ्या लेझर कटिंगवाला प्लायमधून कापून देतो. बाल्सा तेवढा एरोमॉडेलिंगचे सामान विकणाऱ्यांकडून मागवावा लागतो. चिकटवण्यापूर्वी त्याला दोन्ही बाजूंनी रंग द्यावा, नाहीतर तो पाणी पिऊन जड होतो.

रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा असतो आणि त्याच्या लहरी पाण्याखाली फार तर काही सेंटिमीटर जातात. रिसीव्हर वरच्या बांधकामात, बंद डबीत ठेवावा, आणि सिग्नल तुटताच मोटर व तोफा थांबतील अशी फेलसेफ सेटिंग करून ठेवावी. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्यावी. जे जहाज बुडणारच आहे त्यात लिथियम पॉलिमर नको. बुडाल्यावर आपोआप सुटून वर येणारा दोरीबांधलेला फ्लोट तर हवाच, कारण आपल्याकडच्या गढूळ पाण्यात फूटभर खालचेही दिसत नाही.

पाणी कोणते निवडावे? गोदावरी सोडून द्या. घाटांवर माणसांची वर्दळ असते आणि पाणवेली प्रोपेलरला वेढे घालतात. गंगापूर धरणातून शहराला पिण्याचे पाणी येते, तेथे पोलादी गोळ्या सांडणे मला पटत नाही. राहता राहिले दिंडोरी-निफाडकडचे शेततळे. तोफांशिवाय चालवायला ते उत्तम, मात्र मालकाची परवानगी घ्यावी आणि तळ्याच्या प्लास्टिकच्या उतारावर पाय ठेवू नये. ओले प्लास्टिक इतके निसरडे असते की पोहता येणारा माणूसही बाहेर निघू शकत नाही. काठावर पक्का बांधलेला दोर, अंगात लाइफ जॅकेट आणि सोबत दुसरा माणूस असल्याशिवाय जहाज सोडू नये. गोळ्या मारायच्याच असतील तर तळाशी जुनी ताडपत्री अंथरावी, नाहीतर शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदाला भोक पडायचे आणि वर्षभराचे पाणी जायचे.

तोफांबाबत एवढेच सांगतो की आपल्याकडे हवाई बंदुकांविषयीही शस्त्र नियम, २०१६ मध्ये तरतुदी आहेत. त्यामुळे दाबावर गोळी सोडणारे काहीही घरी बनवण्यापूर्वी पोलिसांकडे लेखी विचारणा करून लेखीच उत्तर घ्यावे. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाकडे, आणि तळे दिंडोरीत असेल तर ग्रामीण पोलिसांकडेही. परवानगी मिळालीच, तर काठावरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवा, बघ्यांच्यासुद्धा. उत्तर येईपर्यंत जहाजाची परीक्षा तोफेवाचून घेता येते: घरच्या टाकीत जहाज सोडून टोकदार पेन्सिलीने जलरेषेखाली एकेक भोक पाडत जा, पंप सुरू ठेवा, आणि कितव्या भोकाला पंप हरतो व जहाज कोणत्या बाजूला कलते ते लिहून ठेवा.