मागून बसणारी पिकअप, हवेच्या बॅगा आणि वजनकाटा

प्रश्न : आमच्याकडे चार दरवाजांची डिझेल पिकअप आहे. टाकी भरलेली असताना तिचे स्वतःचे वजन २१०० किलो आणि कमाल मान्य एकूण वजन ३०५० किलो आहे. तिच्यामागे आम्ही भरल्यावर २८०० किलो होणारी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, ओढतो. कॅरॅव्हॅन जोडली की गाडी मागून बरीच बसते आणि रात्री समोरचे चालक दिव्यांची उघडझाप करून तक्रार करतात. येत्या कोरड्या ऋतूत गिब रिव्हर रोडने ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडील किम्बर्ली भागात जाण्याचा बेत आहे. दुकानदार मागच्या अ‍ॅक्सलवर हवेच्या बॅगा बसवण्याचा आग्रह धरतो, तर अनुभवी मित्र म्हणतात की बॅगांमुळे चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) वाकते. आम्ही काय करावे?
– एक वाचक, मेलबर्न

उत्तर : दुकानदार आणि मित्र हे दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण बॅग घ्यावी की नाही हे ठरवण्याआधी गाडी का बसते, याचे उत्तर वजनकाट्यावर मिळवावे लागेल. अपघाताच्या वेळी उघडणाऱ्या एअरबॅगशी या बॅगांचा काही संबंध नाही. अ‍ॅक्सल आणि चासी यांच्यामध्ये बसवलेल्या रबरी फुग्यात हवा भरली की तो पाट्यांबरोबर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांबरोबर, भार पेलतो आणि गाडीची मागची बाजू उचलली जाते. तो फक्त उंची बदलतो. गाडीवर आलेल्या वजनातला एक किलोही त्यामुळे कमी होत नाही आणि गाडीची मान्य क्षमता एका किलोनेही वाढत नाही.

आपल्याच आकड्यांवरून हिशेब मांडू. कॅरॅव्हॅनचा पुढचा दांडा हिचच्या (गाडीमागच्या जोडणीच्या) गोळ्यावर ३०० किलो भार टाकतो असे धरू. आपल्या कॅरॅव्हॅनसाठी हा अंदाज अवास्तव नाही. पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर ३.२ मीटर आणि मागच्या अ‍ॅक्सलपासून गोळ्यापर्यंतचे अंतर १.२ मीटर असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या अ‍ॅक्सलवर ३०० नव्हे, तर सुमारे ४१२ किलो भार वाढतो आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरचा सुमारे ११२ किलो भार उचलला जातो. वळवण्याचे सगळे आणि ब्रेकचे बरेचसे काम पुढच्या चाकांकडे असते आणि नेमकी तीच चाके हलकी होतात. हवा भरून मागची बाजू वर आली की दिवे खाली येतात, गाडी सपाट दिसते आणि चालकाला हायसे वाटते. पण ते ११२ किलो पुढच्या अ‍ॅक्सलवर परत आलेले नसतात. बॅगांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच गोष्टीची, कारण बसलेली गाडी निदान इशारा तरी देत असते.

आता एकूण वजन पाहू. ३०५० मधून २१०० वजा केले तर ९५० किलो उरतात आणि त्यातून गोळ्यावरचा ३०० किलो भार वजा केला की ६५० किलो. पुढचा लोखंडी बार ६० किलो, मागच्या हौद्यावरचे आच्छादन आणि खणांची चौकट मिळून १५० किलो, चार माणसे ३०० किलो आणि फ्रीज, पाणी, हत्यारे, अंथरूण-पांघरूण १५० किलो धरले, तरी बेरीज ६६० किलो होते, म्हणजे काहीच वावगे न करता मर्यादा ओलांडली गेली. सामान मागच्या हौद्यात असल्यामुळे मागच्या अ‍ॅक्सलची स्वतंत्र मर्यादा तर बहुधा याच्याही आधी संपते. शिवाय गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून जी एकत्रित मर्यादा असते, तीही पुस्तिकेत पाहावी. जाहिरातीत ठळक छापलेले ३५०० किलो ओढण्याचे सामर्थ्य आणि भरलेल्या गाडीने प्रत्यक्षात ओढता येणारे वजन यांत मोठी तफावत असू शकते. उदाहरणार्थ, एकत्रित मर्यादा ५८५० किलो असलेल्या गाडीने ३५०० किलो ओढायला घेतले, तर गाडीसाठी २३५० किलोच उरतात. २१०० किलोच्या गाडीत मग माणसे आणि सामान मिळून अवघे २५० किलो ठेवता येतात.

म्हणून प्रवासाला निघताना जशी भराल तशीच गाडी पूर्ण भरून, कुटुंबासह, सार्वजनिक वजनकाट्यावर न्यावी. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि कॅरॅव्हॅनची चाके यांचे वजन वेगवेगळे घ्यावे, आणि त्यानंतर कॅरॅव्हॅन सोडून गाडीचे वजन पुन्हा घ्यावे. वजन मर्यादेबाहेर निघाले, तर उपाय दोनच आहेत : सामान कमी करणे, किंवा अभियंत्याच्या प्रमाणपत्रासह गाडीची मान्य मर्यादा रीतसर वाढवून घेणे. नुसत्या बॅगा हा त्यातला एकही उपाय नव्हे. गोळ्यावरचा भार घटवण्यासाठी जड सामान कॅरॅव्हॅनच्या अगदी शेवटी रचण्याची चूक मात्र कृपया करू नका. त्याने कॅरॅव्हॅन वेगात डोलू लागते आणि ते डोलणे आवरणे फार अवघड असते.

चासी वाकण्याविषयी मित्र जे सांगतात त्यात तथ्य आहे. पाट्यांच्या गाडीत भार चासीवर दोन ठिकाणी जातो, पाट्याच्या पुढच्या टोकाशी आणि मागच्या टोकाशी. बॅग मात्र साधारणपणे बम्प स्टॉपच्या (धक्का अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याच्या) जागी, म्हणजे या दोन टोकांच्या मधोमध बसते. तिच्यात भरपूर हवा भरली की पाटे मोकळे होतात आणि मागचा बहुतेक भार चासीच्या त्या एकाच जागी येतो. मागे १.२ मीटरवर कॅरॅव्हॅनचा दांडा खाली दाबतो, पुढे केबिन आणि इंजिनचे वजन असते, आणि मधे चासी त्या टेकूवर वाकवली जाते. डांबरी रस्त्यावर हे बहुधा निभावते. गिब रिव्हर रोड मात्र सुमारे ६६० किलोमीटरचा आणि बराचसा कच्चा आहे. त्यावरच्या आडव्या लाटांनी आणि अचानक येणाऱ्या ओहोळांनी गाडी आपटते, तेव्हा हा भार क्षणभर कित्येक पटींनी वाढतो. वाकलेल्या चासींच्या बहुतेक उदाहरणांत जादा वजन, हौद्याच्या शेवटी रचलेले सामान, करकचून भरलेली बॅग आणि न घटवलेला वेग हे एकत्र आलेले असतात. बॅग एकटी दोषी नसते. पण तिने गाडी सरळ दिसू लागल्यामुळे उरलेले तिन्ही दोष झाकले जातात.

आपली पिकअप आठवडाभर रिकामी धावत असेल आणि सुट्टीतच कॅरॅव्हॅन ओढत असेल, तर वजन मर्यादेत आणल्यावर बॅगा जरूर बसवाव्यात. बदलत्या भारासाठी त्यांच्याइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही, कारण जाड पाटे बसवले तर रिकामी गाडी रोज उसळत राहते. आच्छादन, खण आणि हत्यारे कायम गाडीतच असतील, तर मात्र त्या कायमच्या भाराला योग्य असे पाटे बसवणे अधिक बरे. बॅगेत हवा भरताना गाडी पूर्ण सपाट करण्याचा हट्ट धरू नये. मागची बाजू थोडी बसलेली राहू द्यावी, म्हणजे पाटेही आपला वाटा उचलतात. कच्च्या रस्त्यावर हवा आणखी कमी ठेवावी, टायरमधलीही कमी करावी आणि वेग उतरवावा. डाव्या व उजव्या बॅगेच्या नळ्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण एकाच नळीने त्या जोडल्या तर वळणावर दाबलेल्या बॅगेतली हवा दुसरीत जाते आणि गाडी अधिकच कलते. कॅरॅव्हॅन सोडल्यावर हवा उतरवावी. पण ती पूर्ण काढू नये. बहुतेक उत्पादक किमान ५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) ठेवायला सांगतात, कारण रिकाम्या बॅगेचे रबर चिमटीत सापडून फाटते. जोडांवर अधूनमधून साबणाचे पाणी लावून गळती पाहावी.

प्रश्न : माझ्या अर्ध्या टनी पिकअपला मी ७००० पौंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर जोडतो. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (भार पुढे-मागे वाटणारी जोडणी) आहेच. आता ५००० पौंड क्षमतेच्या बॅगाही बसवल्या, तर अधिक सुरक्षित होईल का? दोन्ही एकत्र वापरता येतात का?
– एक वाचक, टेक्सस

उत्तर : ते ५००० पौंड हे बॅगांचे स्वतःचे बळ आहे, आपल्या गाडीचे नव्हे. गाडीचे बळ चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते आणि माणसे, सामान आणि हिचवरचा भार मिळून त्यापेक्षा जास्त वजन होता कामा नये. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर येतो, म्हणजे आपल्या बाबतीत ७०० ते १०५० पौंड. पट्टीवर १५०० पौंड असतील आणि हिचवर ९०० आले, तर कुटुंब आणि सामान यांसाठी ६०० पौंड उरतात. बॅग बसवल्यावरही ते ६००च राहतात, किंबहुना बॅगांच्या वजनाइतके कमीच होतात.

आपल्याकडे आधीच असलेली हिच हेच खरे औषध आहे, कारण तिच्या ताणलेल्या दांड्या मागच्या अ‍ॅक्सलवरचा काही भार पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतात. दोन्ही एकत्र वापरता येतात, पण क्रम महत्त्वाचा आहे. बॅगांत किमान हवा ठेवून ट्रेलर जोडण्याआधी पुढच्या चाकावरील कमानीची जमिनीपासूनची उंची मोजावी. मग ट्रेलर जोडून, पुस्तिकेत सांगितले असेल तितकी उंची परत येईपर्यंत दांड्या ताणाव्यात. त्यानंतरही मागची बाजू थोडी खाली वाटली, तरच जराशी हवा भरावी आणि पुढची उंची पुन्हा मोजावी. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी हवेने गाडी उचलून घेतलीत, तर गाडी सपाट दिसते म्हणून दांड्या पुरेशा ताणल्या जात नाहीत आणि पुढची चाके हलकीच राहतात. आपल्या गाडीला मागे पाट्यांऐवजी गोल स्प्रिंग असतील, तर बॅग त्यांच्या आत बसते आणि भार चासीवर मूळच्याच जागी जातो, त्यामुळे चासी वाकण्याची भीती कमी असते. मात्र या बॅगांना सहसा ३५ पीएसआयपेक्षा जास्त हवा चालत नाही.

प्रश्न : द्राक्षांच्या हंगामात आमची पिकअप क्रेटनी भरली की मागून बसते. हवेच्या बॅगा लावून दोन थर अधिक नेता येतील का?
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : नाही. आर.सी.वर नोंदवलेले एकूण वजन हीच कायद्याने आपली मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. गाडी मान्य वजनातच भरूनही बसत असेल, तर बॅगेचा खर्च करण्याआधी पाटे उतरवून पाहावेत. वाकलेपणा गेलेले, तडकलेले किंवा मधला बोल्ट तुटून सरकलेले पाटे हे गाडी बसण्याचे नेहमीचे कारण असते. दोन्ही बाजूंचे पाटे जोडीनेच बदलावेत.