बाप्तिस्म्यानंतर घरच्यांशी वागताना

बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षा) झाला, आता घरच्यांना सुधारायचं, असं डोक्यात असेल तर आधी ते काढून टाक बाबा. ज्या भावाशी बोलणं बंद आहे, त्याला स्वतःहून फोन लाव. बायबलमधलं मत्तय 5:23-24 वाच: अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी समेट करून यायला सांगितलंय. माफी मागताना त्याच्या जुन्या चुका उकरून काढू नकोस, सगळं मुसळ केरात जाईल.

मात्र अन्याय मुकाट सोसायला कुणी सांगितलेलं नाही. योहान 13 मध्ये येशूने, पुढे त्याला शत्रूंच्या हाती देणाऱ्या यहूदा या शिष्याचेही पाय धुतले, आणि त्याच भोजनाच्या वेळी तुमच्यातलाच एकजण मला धरून देईल, हेही स्पष्ट सांगितलं.

पेत्र हा शिष्य तर येशूकडून पाय धुऊन घ्यायलाच तयार नव्हता! (आपल्यातले बरेचजण तसेच.) तेव्हा बायकोने, धाकट्या भावाने मदत देऊ केली की ‘राहू दे, मी बघतो’ म्हणू नकोस. घे.