एअरब्रशची सुई घरी घासावी का?

प्रश्न : भाऊ, मी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवतो. ०.३ मि.मी. च्या एअरब्रशनं (हवेच्या दाबानं रंग फवारायचा पेन) डोळ्याची रेघ मारताना ॲक्रेलिक टोकावरच सुकते अन् मग पचकन उडते. ०.५ ची जुनी सुई घासून लांब निमुळती केली तर जमन का?
— एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : ०.५ ची राहू दे बाप्पा, ती जाड पडते, जबरदस्तीनं दाबशील तर नोझल (सुईचं टोक बसतं ते बारीक तोंड) फाटेल. ०.३ चीच स्पेअर सुई घे आणि आधी नुसतं पॉलिश कर, बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं, कारण स्वस्त सुयांवर घासल्याचे बारीक ओरखडे राहिलेले असतात आणि रंग त्यातच धरून सुकतो. सुईचं मागचं टोक ड्रिलच्या चकमध्ये हलकं पकड, स्पीड एकदम कमी, २००० चा वॉटर पेपर ओला करून फिरव, मग सुती कापडावर ब्रासो (धातूचं पॉलिश) घेऊन घास. हात कायम टोकाकडेच ओढायचा, उलटा नेला की टोक वाकलंच समज. शेवटी थिनरनं पुसून घे.

आता आकाराचं. निमुळता भाग लांब केला की ट्रिगर (सुई मागं ओढायची कळ) जास्त ओढावा लागतो, रेघेवर ताबा येतो, पण सुई नोझलमध्ये टेकते तिथं जराही अंडाकृती झाली तर ट्रिगर सोडूनही रंग गळतो. आणि हो, उन्हाळ्यात रंगात थोडं रिटार्डर (रंग लवकर सुकू न देणारं द्रावण) टाकत जा.