घरात ॲलर्जी असताना कुत्र्याची कोणती जात निवडावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: निपाणीत स्वतःचे बैठे घर आहे, दहा वर्षांच्या मुलाने कुत्र्यासाठी हट्ट धरला आहे, कुत्रे जवळ आले की पत्नीला शिंकांवर शिंका येतात व डोळे चुरचुरतात, आणि दुकानदार मात्र ‘शिह त्झू घ्या, त्याची कुणालाच ॲलर्जी होत नाही’ असे छातीठोकपणे सांगून भली मोठी किंमत मागत आहे. तेव्हा नेमकी कोणती जात घ्यावी? मी डॉक्टर नाही, पशुवैद्यही नाही. बेळगावात राहतो, मला स्वतःला कुत्र्याची ॲलर्जी आहे आणि तरीही आमच्या घरात एक कुत्री नांदते आहे, एवढ्याच अधिकारावर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो: ज्याची ॲलर्जी होतच नाही अशी कुत्र्याची जात नाही, त्यामुळे जातीचा विचार सर्वांत शेवटी करावा.

बहुतेकांचा समज असा असतो की त्रास केसांमुळे होतो, म्हणून केस न गळणारे कुत्रे आणले की प्रश्न मिटला. प्रत्यक्षात त्रास देतात ती कुत्र्याच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि मूत्रात असलेली प्रथिने. त्यांतील सर्वांत महत्त्वाच्या प्रथिनाला कॅन एफ १ असे नाव आहे. कुत्रे दिवसभर अंग चाटते, ती लाळ अंगावर वाळते, आणि वाळलेली लाळ व कोंडा यांचे बारीक कण हवेत मिसळतात. ते इतके हलके असतात की बराच वेळ तरंगत राहतात आणि कपड्यांना चिकटून दुसरीकडेही जातात. ज्या शाळांत कुत्र्याने कधी पाऊल ठेवलेले नाही, तेथील धुळीतही हे प्रथिन सापडलेले आहे. केस हे या मालाचे केवळ वाहन आहे. अंगावर केसच नसलेल्या कुत्र्यालाही लाळ आणि कातडी असतेच.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे संशोधकांनी एकेक कुत्रा पाळणाऱ्या १७३ घरांतील धूळ तपासली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या घरांत आणि इतर घरांत कॅन एफ १ च्या प्रमाणात फरक आढळत नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील संशोधकांनी कुत्र्यांच्या केसांचे नमुने तपासले, तेव्हा तर उलटेच चित्र दिसले: पूडलसारख्या तथाकथित सुरक्षित जातींच्या केसांवर हे प्रथिन लॅब्राडोरपेक्षा अधिक होते. त्याच पाहणीत लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर, असलेल्या घरांच्या जमिनीवरील धुळीत ते कमी सापडले खरे, परंतु हवेतील प्रमाणात फरक नव्हता, आणि आपण श्वास घेतो तो हवेतूनच. शिवाय या दुसऱ्या पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे येते. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांमध्ये जेवढी तफावत असते, तेवढी दोन जातींच्या सरासरीत नसते.

लॅब्राडूडलची जन्मकथाही याच अंगाने वाचण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातील अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्थेकडे हवाई बेटांवरील एका दृष्टिहीन महिलेने मागणी केली होती, पण तिच्या पतीला कुत्र्याची ॲलर्जी होती. त्या संस्थेतील वॉली कॉन्रन यांनी १९८९ मध्ये लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला, पिल्लांच्या केसांचे व लाळेचे नमुने त्या पतीकडे पाठवले आणि ज्या पिल्लाचा त्याला त्रास झाला नाही, तेच त्या कुटुंबाला दिले. म्हणजे ज्या संकरावर पुढे जगभर ‘ॲलर्जी होत नाही’ अशी पाटी लागली, त्याच्या मुळाशीही निवड झाली होती ती एका विशिष्ट माणसासाठी एका विशिष्ट पिल्लाची. बाजाराने पाटी तेवढी उचलली, चाचणी तिथेच सोडून दिली.

आता आपल्या घराकडे वळतो. पत्नीला होणारा त्रास खरोखर कुत्र्याचाच आहे, हे कुणी तपासले आहे का? आपल्या भागात शिंका येण्यास कारणांची वाण नाही. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला आणि मोकळ्या जागांत काँग्रेस गवत माजते, त्याच्या परागांनी अनेकांचे नाक व त्वचा हैराण होते. भिंतींना ओल धरून बुरशी येते. पिढ्यान्‌पिढ्या वापरातल्या जाड वाकळी आणि कापसाच्या गाद्या यांच्यात धुळीतल्या अतिसूक्ष्म किड्यांची वस्ती असते, आणि जेथे कुत्रे वाकळीवर झोपते, तेथे वाकळ झटकताच आलेल्या शिंकांचा दोष कुत्र्याच्या माथी जातो. निपाणीत तर तंबाखूची बारीक धूळ आहे. वखारीजवळ किंवा विड्या वळणाऱ्या घरांत ती नाकाला झोंबते. ती ॲलर्जी नसून निव्वळ दाह असू शकतो, पण शिंक दोन्हींतही सारखीच येते.

म्हणून पहिले काम म्हणजे ॲलर्जीतज्ज्ञाकडून त्वचेवरील चाचणी किंवा रक्तातील विशिष्ट आयजीईची (ॲलर्जीत शरीर तयार करते त्या प्रतिद्रव्याची) तपासणी करून घेणे. त्वचेच्या चाचणीत हातावर निरनिराळ्या द्रवांचे थेंब ठेवून हलकेच टोचतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत कुठे गांध उठते ते पाहतात. सर्दीच्या ज्या ॲलर्जीविरोधी गोळ्या आपण सहज घेतो, त्या चाचणीपूर्वी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस, ते डॉक्टर सांगतील. न विचारता गोळी घेऊन गेल्यास चाचणी फुकट जाते.

चाचणी करताना एक प्रश्न आवर्जून विचारावा. कॅन एफ ५ नावाचे एक प्रथिन नर कुत्र्याच्या पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीत तयार होते आणि त्याच्या मूत्रावाटे बाहेर पडते. काही लोकांना ॲलर्जी असते ती फक्त या एकाच प्रथिनाची. अशा व्यक्तीला मादी कुत्री पुष्कळदा सोसते, आणि खच्चीकरण केलेल्या नरात हे प्रथिन कमी होते. प्रथिनवार रक्ततपासणी सर्वत्र होत नाही आणि ती स्वस्तही नाही. मात्र दुकानदार सांगतो त्या किमतीचे पिल्लू घेण्याची तयारी असेल, तर त्यातील थोडे पैसे या तपासणीवर घालणे अधिक शहाणपणाचे ठरेल. कोणत्याही जातीच्या नावापेक्षा ‘नर की मादी’ हा प्रश्न काही घरांत अधिक मोलाचा असतो, आणि तो दुकानात कुणी काढत नाही.

पत्नीला दमा असेल, रात्री छातीत घरघर होत असेल किंवा इनहेलर चालू असेल, तर माझे उत्तर येथेच बदलते. अशा घरात कुत्रे आणू नये. ‘सवय होईल’ हा घरोघरी मिळणारा सल्ला धोक्याचा आहे. काहींना सवय होते, काहींचा त्रास नाकावरून छातीत उतरतो, आणि आपली गणती कोणत्या गटात होणार हे आधी कळत नाही. कुत्र्याच्या ॲलर्जीवर इंजेक्शनांची दीर्घ उपचारपद्धती आहे, परंतु ती काही वर्षे चालते आणि धुळीतील किडे किंवा पराग यांच्या ॲलर्जीत तिचा जेवढा गुण येतो, तेवढा कुत्र्याच्या बाबतीत येईलच असे नाही. तिच्या भरवशावर पिल्लू आणू नये.

चाचणीत त्रास सौम्य ठरला आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर मग जातीविषयी बोलता येते. मात्र आता प्रश्न ‘कोणाची ॲलर्जी होत नाही’ हा नसून ‘कोणाला स्वच्छ ठेवणे आपल्याला जमेल’ हा आहे. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आणि आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारा पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ थर हंगामात झडू लागला की कोंड्याने माखलेले पुंजके कपाटाखाली, पलंगाखाली साचतात. पूडल, शिह त्झू, ल्हासा अप्सो, माल्टीज यांचे केस फार गळत नाहीत, त्यामुळे कोंडा घरभर कमी पसरतो, एवढा फायदा मान्य करायला हवा. पण हे केस माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात. टिळकवाडीतील माझ्या मेहुण्यांकडे शिह त्झू आहे. ऐन पावसाळ्यात त्याच्या काखेत आणि कानांमागे केसांच्या अशा घट्ट गाठी बसतात की फणी चालत नाही. त्या कात्रीने कापल्या की खाली ओलसर, लालसर त्वचा आणि भरपूर कोंडा निघतो. ते काम ज्याला ॲलर्जी आहे त्याने करायचे नसते, आणि वहिनी वगळता त्या घरात ते करणारे दुसरे कुणी नाही. शिवाय चपट्या नाकाच्या या जातीला उन्हाळा सोसत नाही, आणि निपाणीचा एप्रिल-मे आपण जाणताच.

आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ हाउंड अनेकांना या यादीत आठवत नाही. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही शिकारी जात. २००५ मध्ये टपाल खात्याने तिचे तिकीट काढले, आणि तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र याच जातीवर काम करते. केस अगदी आखूड व गुळगुळीत असल्याने ओल्या फडक्याने अंग पुसले तरी पुष्कळसा कोंडा निघतो, गाठींचा प्रश्न नाही, आणि इथली हवा तिच्या अंगवळणी पडलेली आहे. त्याची लाळ मात्र इतर कुत्र्यांसारखीच, तेव्हा यालाही कुणी ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणू लागल्यास विश्वास ठेवू नये. दुसरे असे की, हे धावण्यासाठी घडलेले जनावर आहे. रोज मोकळ्या रानात दौडवणे जमणार नसेल, तर साखळीला बांधलेला मुधोळ पाहणे क्लेशकारक असते. आपले शेत असेल तर जरूर विचार करावा. बाजारपेठेतल्या घरात नको.

माझी स्वतःची पसंती गावठी कुत्रीला आहे, तीही पिल्लाला नव्हे तर वयात आलेल्या मादीला. अंगावर आखूड केस, तब्येत काटक, आणि मुख्य म्हणजे तिच्या सहवासात आपल्या घरातील रुग्णाला काय होते ते आधी पाहता येते. पिल्लाच्या बाबतीत ही सोय नाही, कारण ते वाढेल तसा त्याचा कोंडाही वाढतो, आणि सुरुवातीचे शांत आठवडे फसवे ठरू शकतात.

ही पारख कशी करावी, ते सांगतो. जे कुत्रे आणायचे आहे, त्याच्याजवळ पत्नीने बंद खोलीत अर्धा-पाऊण तास बसावे, त्याला हात लावावा, मनगटावर चाटू द्यावे आणि तेथे गांध उठते का ते पाहावे. त्या दिवशी गोळी घेऊ नये. त्रास लगेच झाला नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण काहींना तो सहा-आठ तासांनी, म्हणजे रात्री झोपेत होतो. असे निरनिराळ्या दिवशी अनेकदा करावे. त्यानंतर त्या कुत्र्याखाली अंथरलेले गोणपाट किंवा जुनी चादर आपल्या घरी आणून ठेवावी आणि काही रात्री काय होते ते बघावे. हे सर्व डॉक्टरांना सांगूनच करावे. आणि कृपा करून या भेटींना मुलाला नेऊ नका. एकदा त्याने नाव ठेवले की मग घरात पारख होत नाही, फक्त आग्रह होतो.

कुत्री आली तर घराची शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. झोपायच्या खोलीत तिला कधीही प्रवेश नाही, अगदी ‘आजच्या दिवस’सुद्धा नाही. तिची जागा सोप्यात किंवा परड्यात असावी, खाली धुता येईल असे जाड कापड असावे. केरसुणीने कोरडा केर काढल्यास बसलेला कोंडा पुन्हा उडतो, म्हणून ओल्या फडक्याने फरशी पुसावी. आंघोळीने अंगावरील प्रथिन कमी होते, पण काही दिवसांतच ते पूर्ववत होते, त्यामुळे उपयोग हवा असेल तर आठवड्यातून दोनदा घालावी लागते. त्यासाठी कुत्र्यांचाच सौम्य शाम्पू वापरावा, नाहीतर त्वचा कोरडी पडून कोंडा उलट वाढतो. आंघोळ आणि विंचरणे ही कामे पत्नीकडे नसावीत, आणि ती अंगणात व्हावीत. गोचिडांची पावडर घरात भुरभुरू नये. तिनेही श्वास कोंडतो. पशुवैद्याकडे गोचिडांसाठी गोळी किंवा मानेवर टाकण्याचे औषध मिळते.

आमच्याकडे सर्वांत कठीण काळ जुलैचा असतो. पाऊस खळत नाही, कुत्री बाहेर थांबू शकत नाही, आंघोळ घातली तर अंग वाळत नाही, आणि खिडक्या बंद असल्याने सोप्यातली हवा कोंडते. त्या दिवसांत मी तिला कोरड्या पंच्याने खसाखसा पुसायला मुलाला सांगतो आणि स्वतः आतल्या खोलीत हवा शुद्ध करणारे हेपा गाळणीचे, म्हणजे अतिबारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचे, यंत्र लावून बसतो. यंत्र चांगले आहे, पण ते त्याच एका खोलीपुरते.

दुकानदाराशी व्यवहार करायचाच झाला, तर त्रास झाल्यास पिल्लू परत घेण्याचे आणि पैसे परत देण्याचे त्याच्याकडून लिहून मागा. ‘ॲलर्जी होतच नाही’ असे जो म्हणतो, त्याला हे लिहून द्यायला अडचण असू नये. आणि चुकून कुत्रे परत द्यावे लागलेच, तर त्याची प्रथिने गाद्या-पडद्यांत कित्येक महिने टिकतात, हे ध्यानात ठेवून धुणेपुसणे चालू ठेवावे. दुसऱ्या दिवशी शिंका थांबल्या नाहीत म्हणून कारण दुसरेच होते असे समजू नये.