धार्मिक विधींशिवाय बारसे कसे करावे?

आपण दोघेही देवधर्म मानत नाही, बाळाचे नाव पूजेविना ठेवू इच्छिता, पण मग त्या दिवशी नेमके करायचे काय आणि सासूबाईंचे मन कसे राखायचे, असे आपण विचारले आहे. तीन वर्षांपूर्वी मुलुंडला आमच्या मुलीचे बारसे आम्ही असेच केले, म्हणून अनुभवाने लिहीत आहे.

बारशातील बराचसा भाग मुळातच घरगुती आहे. पाळणा सजवणे, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगणे, त्या वेळी तिच्या पाठीत धपाटे घालणे, घुगऱ्या वाटणे यांपैकी कशालाही पुरोहित लागत नाही. हे सारे घरातील बायकाच करत आल्या आहेत. हे सगळे तसेच ठेवले, तर आपले काही हिरावून घेतले असे सासूबाईंना वाटणार नाही. अडचण येते ती गाण्यांची. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' असे म्हणत बाळ पाळण्याच्या खालून-वरून देतात. आम्ही चाल तीच ठेवली आणि देवांच्या जागी घरातल्या माणसांची नावे गुंफली, त्यात गिरणीत आयुष्य काढलेले पणजोबाही आले.

वगळायचे असेल, तर मात्र एक गोष्ट निश्चयाने वगळावी. माझ्या भावाच्या मुलाच्या बारशाला माझी आई, बाळाची सख्खी आजी, केवळ विधवा म्हणून दाराशी उभी राहिली होती आणि तिला कोणी पाळण्याजवळ बोलावले नाही. ते दृश्य मी विसरलेले नाही. आमच्या मुलीला पाळण्यात घालण्याचा मान आम्ही आईलाच दिला. माझ्या मते पूजा न करण्यापेक्षाही हा बदल मोठा आहे, आणि सासूबाईंशी बोलताना सुरुवात याच मुद्द्यापासून करावी, कारण ही वेदना त्यांच्या पिढीला चांगली ठाऊक असते.

बाराव्या दिवसाचा आग्रह धरू नये. बाळंतिणीला त्या वेळी धड बसताही येत नसते. आम्ही तिसरा महिना निवडला, सोसायटीच्या सभागृहात चाळीस माणसे बोलावली, ध्वनिक्षेपक टाळला आणि बाळाचा मुका कोणी घेऊ नये असे आधीच सांगून ठेवले. रविवार ठरवत असाल, तर रेल्वेचा मेगाब्लॉक आधी पाहा. आमचे कल्याणचे पाहुणे त्यात तासभर अडकले होते.

राशीच्या अक्षराऐवजी हेच नाव का निवडले, हे आई-वडिलांनी पाच मिनिटांत सांगावे. आमच्याकडे सर्वांना सर्वाधिक आवडलेला भाग तोच होता.

कायद्याने बारसे आवश्यक नाही, नोंदणी आवश्यक आहे. जन्म 21 दिवसांत नोंदवावा लागतो. नावाविना नोंद झाली असेल, तर 12 महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येते. मुंबईत ही नोंद, बाळ ज्या विभागातील रुग्णालयात जन्मले, तेथील महापालिकेच्या विभाग कार्यालयात असते, आपण राहता त्या विभागात नव्हे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पारपत्र आदींसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, त्यामुळे नावातील प्रत्येक अक्षर तपासून घ्यावे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम ठेवण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला आहे. पत्रिकेतही तोच छापता येईल.

ताटातील तांदळात अंगठीने नाव लिहिण्याचे काम मात्र सासूबाईंकडे द्या. आमच्या सासूबाईंनी ते लिहिले, मग थोडे थांबून त्यापुढे स्वतः होऊन माझेही नाव लिहिले.