केमो सुरू असताना व्हिटॅमिनचे मोठे डोस द्यावेत का?

प्रश्न : माझ्या मिस्टरांना (वय 58) मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. ऑपरेशननंतर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि ऑक्झालिप्लॅटिनचं सलाईन अशी केमो सुरू आहे. दोन सायकल झाल्या. माझे दीर म्हणतात, व्हिटॅमिन सीचं मोठ्या डोसचं सलाईन लावलं की केमो जास्त लागू पडते. ताकदीसाठी त्यांनी फॉलिक अ‍ॅसिड 5 मि.ग्रॅ. आणि बी-6 100 मि.ग्रॅ.च्या गोळ्या आणून दिल्या, त्या आम्ही रोज देतो. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना सांगितलेलं नाही.

उत्तर : ताई, सलाईनचं नंतर बोलू. आधी ती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बाजूला ठेवा आणि केमोच्या डॉक्टरांना आजच फोन करा.

कॅपेसिटाबिनचं शरीरात 5-फ्लुरोयुरॅसिल होतं, कॅन्सरच्या पेशी मारणारं खरं औषध तेच. फॉलिक अ‍ॅसिडमुळे त्याची पकड घट्ट होते, आणि ती कॅन्सरच्या पेशींवरच नाही, तर आतड्याच्या अस्तरावर आणि तळहातांवरही. सलाईनमधून 5-फ्लुरोयुरॅसिल देताना आम्ही फॉलिनिक अ‍ॅसिड (फॉलिक अ‍ॅसिडचंच एक रूप) मुद्दाम देतो, पण तिथे दोन्हींचे डोस मोजलेले असतात.

माझे एक पेशंट तिसऱ्या सायकलला आले तेव्हा तळहात भाजल्यासारखे लाल झाले होते, सालं निघत होती, शर्टाची बटणं बायको लावून देत होती. दिवसाला दहा-बारा जुलाब. केमोचा डोस कमी करायचं जवळपास ठरलं होतं. औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली, तर तळाशी फॉलिक अ‍ॅसिडची अर्धी संपलेली स्ट्रिप. त्यांनी लपवलं नव्हतं हो, ते औषध आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. तेव्हापासून मी दर वेळी पिशवी बघते.

तुमच्या मिस्टरांना दिवसात नेहमीपेक्षा चार-पाच जुलाब जास्त झाले किंवा तोंड आलं, तर कॅपेसिटाबिनची पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

बी-6चंही तसंच. ऑक्झालिप्लॅटिनने बोटांना मुंग्या येतातच, आणि बी-6 मोठ्या डोसमध्ये बरेच दिवस घेतलं तर तेही नसांना इजा करतं. मग मुंग्या कशाच्या, हे आम्हाला ओळखता येत नाही.

आता सलाईन. दिरांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत काही आतड्याच्या गाठी मोठ्या डोसने आकसल्या होत्या. पण माणसांत? 1985 साली आतड्याचा कॅन्सर पसरलेल्या 100 पेशंट्सपैकी साधारण निम्म्यांना रोज 10 ग्रॅम व्हिटॅमिन सी तोंडाने देऊन बघितलं, फायदा झाला नाही. तोंडाने घेतलेलं रक्तात फार चढत नाही, सलाईनने चढतं, हा आक्षेप रास्त होता. म्हणून चीनमध्ये अशाच 442 पेशंट्सपैकी निम्म्यांना केमोसोबत सलाईनमधून देऊन तपासलं, दर किलो वजनामागे दीड ग्रॅम. 2022 साली निकाल आला : आजार आटोक्यात राहण्याचा काळ केवळ केमोवर 8.3 महिने, व्हिटॅमिन जोडून 8.6. एका विशिष्ट जनुकबदलाच्या गटात थोडी आशा दिसली, तेवढ्यावर उपचार ठरत नाहीत. शिवाय जी6पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असेल तर या सलाईनने लाल पेशी फुटतात. जी6पीडी ठीक असलं तरी किडनीवर ताण येऊ शकतो आणि ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवू शकतो.

डी किंवा बी-12 तपासणीत कमी निघालं, तर ते भरून काढायला हरकत नाही. पण डोस केमोचे डॉक्टरच लिहून देतील.

पुढच्या तारखेला सगळ्या स्ट्रिप्स घेऊन जा. दिरांनाही सोबत न्या, सलाईनचं त्यांनाच विचारू द्या.